गेलेल्या गल्लीची गाणी

१९३४ साली न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात, पॅरामाउंट कंपनीच्या स्टुडिओत, दोन माणसं ब्युनोस आयर्सच्या आठवणीची गाणी बांधत होती. गाणारा कार्लोस गार्देल, शब्द लिहिणारा आल्फ्रेदो ले पेरा. त्या वर्षीच्या ‘क्वेस्ता आबाखो’ चित्रपटात गार्देलनं ‘मि ब्युनोस आयर्स केरिदो’, म्हणजे ‘माझं लाडकं ब्युनोस आयर्स’, हे गाणं म्हटलं. पुढच्या वर्षीच्या ‘एल दिया के मे कियेरास’मध्ये तो जहाजाच्या डेकवर उभा राहून ‘वोल्व्हेर’ गातो. ‘वोल्व्हेर’ म्हणजे परतणं. घर सोडून जग फिरलेला, केस पिकलेला माणूस आपल्या गावाकडे निघाला आहे आणि तिथं जुन्या आयुष्याशी गाठ पडणार या विचारानंच तो धास्तावला आहे. आज अर्जेंटिनात कुणी परदेशाहून घरी येत असेल, तर हे गाणं कुणी ना कुणी गुणगुणतंच.

या दोघांचा जन्म मात्र त्या शहरातला नव्हता. गार्देल १८९० साली फ्रान्समधल्या तुलूज शहरात, लग्न न झालेल्या आईच्या पोटी जन्मला. इस्त्रीकाम करणारी ही आई त्याला घेऊन १८९३ साली ब्युनोस आयर्सच्या बंदरात उतरली. (उरुग्वेमध्ये आजही अनेक जण त्याचं जन्मगाव ताक्वारेम्बो असल्याचं सांगतात आणि त्यावर भांडायलाही तयार असतात.) ले पेराचे आईवडील इटालियन, त्याचा जन्म १९०० साली ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा. एक फ्रेंच मुलगा आणि ब्राझीलमध्ये जन्मलेला एक इटालियन मुलगा, अमेरिकेतल्या स्टुडिओत बसून, दक्षिण गोलार्धातल्या एका शहराच्या विरहाची सगळ्यात प्रसिद्ध गाणी तयार करतात. टँगोच्या शब्दांत हरवलेलं गाव नेमकं कुठलं, या प्रश्नाची सुरुवात माझ्यासाठी इथून होते.

त्याचं उत्तर शोधताना मला जे दिसलं ते असं. टँगो हे स्थलांतरितांचं संगीत, हे सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे. पण त्यातली गाणी जेनोव्हाच्या, नेपल्सच्या किंवा गॅलिशियाच्या आठवणीनं रडत नाहीत. समुद्रापलीकडे राहिलेला देश शब्दांत क्वचितच येतो. त्याच्या जागी येते सोडून गेलेली बाई, आईचं घर, वस्तीचा एक कोपरा. ज्यांनी देश सोडला त्यांचं दुःख त्यांच्या मुलांनी उचललं, आणि ज्या शहरात ती वाढली त्याच शहराला ते बहाल केलं.

आधी त्या शहराकडे बघू. १८६९ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सची लोकसंख्या दोन लाखांच्या आत होती. १९१४ मध्ये ती पंधरा लाखांच्या पुढे गेली. त्या वर्षी शहरातले जवळजवळ निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते, आणि साऱ्या देशात हे प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. सगळ्यात जास्त इटालियन, त्यांच्या खालोखाल स्पॅनिश, मग पूर्व युरोपातले ज्यू, सीरिया-लेबनॉनकडचे अरब, फ्रेंच, जर्मन. बंदराला लागून १९११ साली स्थलांतरितांसाठी सरकारी निवास उघडलं. नव्यानं उतरलेल्यांची तिथं काही दिवस फुकट राहण्या-जेवण्याची सोय व्हायची. तिथून बाहेर पडल्यावर बहुतेकांच्या नशिबी यायचं ‘कोनवेन्तिजो’. जुन्या वाड्यांमध्ये खोल्या पाडून केलेली ही भाड्याची वस्ती. मुंबईची चाळ डोळ्यांसमोर आणली की पुढचं वर्णन करावं लागत नाही. एका खोलीत एक कुटुंब किंवा पाच-सहा एकटे पुरुष, मधे सामाईक अंगण, सामाईक नळ, आणि एकमेकांना न कळणाऱ्या भाषा.

आलेल्यांत बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त होते. पुष्कळ जण पैसा साठवून परतायचं ठरवूनच आले होते. काही तर दर वर्षी ये-जा करत: इटलीतला सुगीचा हंगाम संपला की अर्जेंटिनातल्या गव्हाच्या कापणीला यायचं आणि ती आटोपली की पुन्हा समुद्र ओलांडायचा. त्यांना तिथं ‘गोलोन्द्रिना’, म्हणजे पाकोळ्या, म्हणत. पण बरेच जण ‘पुढच्या वर्षी’ म्हणत म्हणत राहिले, म्हातारे झाले, तिथंच पुरले गेले. परत जाण्याचा बेत आणि प्रत्यक्षात राहून जाणं, यांमधल्या या लांबच लांब अवधीत टँगो वाढला. सुरुवातीला तो नुसता नाच होता, आणि त्याला शब्द असलेच तर ते चावट किंवा बढाईखोर असत. बासरी, व्हायोलिन आणि गिटार या वाद्यांत मग बांदोनेऑन येऊन बसला. हे वाद्यही परदेशी. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावात हाइनरिश बांड यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते विकायला काढलं. टँगोवाल्यांना हवा असलेला उत्तम बांदोनेऑन सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्ड या खेड्यातल्या आल्फ्रेड आर्नोल्डच्या कारखान्यातून यायचा. पेटीसारखाच भात्यावर चालणारा, पण दोन्ही हातांत धरून मांडीवर वाजवायचा. ७१ बटणं, आणि भाता उघडताना नि मिटताना त्याच बटणातून बहुधा वेगळा सूर निघतो. शिकायला महाकठीण. या वाद्यानं टँगोची चाल धीमी केली, असं संगीताचे जाणकार सांगतात. चाल धीमी झाली आणि शब्दांना जागा मिळाली.

ती जागा पहिल्यांदा नीट भरली पास्क्वाल कोन्तुर्सीनं. समुएल कास्त्रियोता या पियानोवादकाची ‘लिता’ नावाची एक वाद्यरचना होती. कोन्तुर्सीनं, त्याला न विचारताच, तिच्यावर शब्द बसवले आणि मोन्तेविदेओमधल्या कॅबरेत तो ते गाऊ लागला. १९१७ मध्ये गार्देलनं तेच गाणं ‘मि नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’, या नावानं ध्वनिमुद्रित केलं. गाण्यातल्या टँगोचा इतिहास तिथून मोजतात. गोष्ट साधी आहे: बाई सोडून गेली, पुरुष खोलीत एकटा उरला. खोलीतल्या वस्तू, आरसा, दिवा, कपाटात टांगलेली गिटार, त्याच्या दुःखात सामील झाल्या आहेत. दार तो उघडं ठेवतो, न जाणो ती आलीच तर.

या गाण्यानं लोकांना इतकं का पकडावं? प्रेमभंगाची गाणी त्याआधीही होतीच. मला वाटतं, कोन्तुर्सीनं शहरातल्या हजारो एकट्या पुरुषांना त्यांची स्वतःची खोली दाखवली. आठ-दहा फुटांच्या भाड्याच्या खोलीत रात्री दिव्याकडे बघत बसलेला माणूस कशासाठी झुरतो आहे हे सांगायला ‘ती गेली’ एवढं कारण पुरेसं होतं. मूळ गाव, बोली, सणवार, आईच्या हातचं जेवण ही सगळी न सांगता येणारी वजाबाकी त्या एका बाईच्या नावावर मांडता आली. स्वतः कोन्तुर्सी पुढे पॅरिसला गेला, तिथं त्याच्या मनाचा तोल ढळला, मित्रांनी त्याला परत आणलं, आणि १९३२ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला.

बाईच्या नावावर सगळं दुःख मांडण्यात एक अन्याय आहे आणि तो सांगायलाच हवा. या गाण्यांत बाईला आपली बाजू मांडायला मिळत नाही. १९२० च्या ‘मिलोन्गिता’त वस्तीतली एक साधी मुलगी शहराच्या झगमगत्या मध्यभागी, कॅबरेत, जाते आणि हरवते. १९२५ च्या ‘गाजेगिता’त गॅलिशियाहून आईला पैसे पाठवायच्या आशेनं आलेली पोर बंदरावरून थेट त्याच गर्तेत जाते. १९३३ च्या ‘मादाम इव्हॉन’मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्रची मुलगी एका अर्जेंटिनी माणसाच्या नादानं समुद्र ओलांडते आणि प्रौढ वयात, एकटी, गेलेल्या फ्रान्ससाठी डोळे पुसते. युरोपातून आणलेल्या बायकांचा धंद्यासाठी व्यापार ब्युनोस आयर्समध्ये त्या काळात खरोखर चालत होता. पण गाण्यात तिच्या पडण्याचं खापर बहुधा तिच्याच हौसेवर, तिच्या रेशमी कपड्यांवर फुटतं. पुरुष परक्या शहरी गेला तर नशीब काढायला; बाई वस्तीतून दहा रस्ते ओलांडून गेली तरी घसरली. आसुसेना माइसानी, रोसिता किरोगा, मर्सेदेस सिमोने यांच्यासारख्या थोर गायिकांनी हेच पुरुषांनी लिहिलेले शब्द गायले, आणि त्यांच्या आवाजात ते पुष्कळदा शब्दांपेक्षा मोठे झाले, हा त्यांचा पराक्रम.

‘मादाम इव्हॉन’ लिहिणाऱ्या एन्रिके कादिकामोनं त्याची उलट बाजू आधीच लिहून ठेवली होती. १९३१ मध्ये तो बार्सिलोनात होता, गार्देल फ्रान्समध्ये नीस इथं. कादिकामोनं एक कविता टपालानं पाठवली, गार्देलचा गिटारवादक गिजेर्मो बार्बिएरीनं तिला चाल लावली, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली: ‘आंक्लाओ एन पारिस’, पॅरिसात नांगर पडलेला. त्या काळी श्रीमंत अर्जेंटिनी घरांतली पोरं पॅरिसला पैसे उधळायला जात, आणि टँगो वाजवणारे कलावंत त्यांच्या मागोमाग. कुणाचे पैसे संपले, कुणाचं काम सुटलं, परतीच्या तिकिटाचीही सोय राहिली नाही. गाण्यातला माणूस असाच, दहा वर्षं अडकलेला. खिडकीबाहेर बर्फ पडतं आहे आणि तो मनात आपल्या शहरातल्या रस्त्यांचा हिशेब करतो आहे: कोरिएन्तेस आता कशी दिसत असेल, कोण म्हातारं झालं असेल. कादिकामोचे आईवडील इटलीतून आलेले. त्यांच्या पिढीचा सगळा घरविरह मुलानं घेतला, त्याची दिशा फिरवली, आणि आता युरोपातल्या बर्फात उभा राहिलेला माणूस अर्जेंटिनासाठी तळमळू लागला. एका पिढीत समुद्राचे काठ बदलले.

मग इटलीसाठी झुरणारा माणूस टँगोत कुठंच नाही का? आहे, पण तो ‘मी’ नाही, ‘तो’ आहे. निकोलास ओलिवारीचे शब्द आणि कातुलो कास्तिजोची चाल असलेल्या ‘ला व्हिओलेता’मध्ये दोमिंगो पोलेन्ता नावाचा म्हातारा इटालियन खानावळीच्या टेबलावर वाइन पिताना गावाकडचं जुनं गाणं म्हणतो, ज्या आशेनं जहाजात बसलो तिचं पुढे काय झालं हे त्याला समजून चुकलं आहे. ‘जुसेप्पे एल सापातेरो’त इटालियन चांभार मुलाला डॉक्टर करण्यासाठी रात्रंदिवस हातोडी मारतो, मुलगा डॉक्टर होतो, मोठ्या घरात लग्न करतो, बाप तसाच चपला सांधत राहतो. आणि १९४१ च्या ‘तिंता रोखा’मध्ये कातुलो कास्तिजो स्वतःच्या लहानपणीची गल्ली शोधतो: लाल विटांची भिंत, कोपऱ्यावरची पत्रपेटी, आणि खानावळीत दूर राहिलेल्या प्रेयसीसाठी रडणारा एक इटालियन. मला हे गाणं सगळ्या गोष्टीची किल्ली वाटतं. इटालियन माणूस आपलं गाव आठवून रडत होता. ते रडणं बघत एक मुलगा वाढला. आता मोठा झालेला तो मुलगा ज्या गल्लीसाठी हळहळतो, त्या गल्लीचाच एक भाग म्हणजे रडणारा तो इटालियन. घरविरह वारशानं आला, पण त्यातलं घर बदललं.

कास्तिजोला हे कळावं यात नवल नाही. त्याचे वडील होसे गोन्सालेस कास्तिजो अराजकवादी नाटककार. त्या विचारांपायी कुटुंबाला देश सोडून चिलीत राहावं लागलं आणि मुलाची सुरुवातीची वर्षं वाल्पाराइसोत गेली.

पश्चात्तापाचा धागा याच विणीत आहे. निघून जाणं ही टँगोत बहुधा स्वतः केलेली गोष्ट असते. कुणी हाकलून दिलेलं नसतं. म्हणून आठवणीबरोबर अपराध येतो, आणि तो सगळ्यात जास्त आईपाशी येऊन थांबतो. कादिकामो आणि संगीतकार हुआन कार्लोस कोबियान यांचं ‘ला कासिता दे मिस व्हिएखोस’, आईबापाचं छोटं घर, ऐका. उधळपट्टीत तारुण्य घालवून मुलगा घरी परततो. जुना नोकर त्याला ओळखत नाही, आवाजावरून ओळखतो. आई आजारी आहे. त्याला जे सांगायचं आहे ते सांगायला उशीर झालेला आहे. ज्या शहरात लाखो लोकांनी समुद्रापार आई सोडली होती आणि तिच्या मरणाची बातमी पत्रानं, महिन्या-दीड महिन्यानं वाचली होती, तिथं या गाण्यातलं ‘छोटं घर’ शहराच्या कडेला आहे की सिसिलीत, हे ऐकणाऱ्याला विचारावंसं वाटलं नसणार. गाणाऱ्यानं आपलं म्हणून गायचं, ऐकणाऱ्यानं आपलं म्हणून ऐकायचं.

टँगोत आईला इतकं देवपण आहे की कधी कधी ते भाबडं होतं, आणि बोर्हेससारख्या लेखकाला हे रडगाणं मुळीच मानवत नसे. त्याला हवा होता जुना, चाकू काढणारा, मिजासखोर टँगो. कोन्तुर्सी आणि गार्देल यांनी टँगो हळवा केला अशी त्याची तक्रार होती. बोर्हेसच्या गद्यावर माझं प्रेम आहे, पण इथं तो चुकतो असं मला ठामपणे वाटतं. चाकूच्या गोष्टी सांगायला आजोबांचा देश असावा लागतो, आणि बोर्हेसकडे तो होता. त्याच्या घरात स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या पूर्वजांच्या तसबिरी होत्या. कोनवेन्तिजोत जन्मलेल्यांकडे आई होती.

पश्चात्तापाचा दुसरा विषय काळ. एन्रिके सान्तोस दिसेपोलोच्या १९२८ च्या ‘एस्ता नोचे मे एंबोराचो’त एक माणूस पहाटे कॅबरेतून बाहेर पडणाऱ्या बाईला बघतो. हिच्यासाठी त्यानं घर, मित्र, इज्जत सगळं घालवलं होतं. दहा वर्षांनी ती ओळखू न येण्याइतकी उतरली आहे. त्याला तिची दया येते की स्वतःची, हे दिसेपोलो मोकळं ठेवतो. त्या रात्री फक्त पिऊन विसरायचं असं ठरतं. दिसेपोलोचे वडील नेपल्सहून आलेले वादक. मुलं लहान असतानाच आईवडील गेले, एन्रिकेला थोरल्या भावानं, नाटककार आर्मान्दोनं, वाढवलं. पुढे १९४८ मध्ये त्यानं ‘काफेतिन दे ब्युनोस आयर्स’ लिहिलं. काचेला नाक लावून आतलं जग बघणारा पोरगा, पुढे त्याच कॅफेत जुगार, कविता आणि हार शिकलेला माणूस, आणि ज्याला तो आईच्या जागी ठेवतो तो कॅफे. आई नसलेल्या मुलानं हे लिहिलं आहे हे लक्षात ठेवून ऐकलं की गाण्यातला अतिरेक अतिरेक वाटत नाही.

आता होमेरो मान्सी. टँगोच्या शब्दांत त्याच्या इतकं उंच कुणी गेलं नाही असं माझं मत आहे. त्याचा जन्म १९०७ सालचा, राजधानीपासून दूर सान्तियागो देल एस्तेरो प्रांतातल्या आन्यातुया या कोरड्या गावातला. म्हणजे शहरात तोही बाहेरचाच. लहानपणी शिकायला तो ब्युनोस आयर्सच्या दक्षिणेकडच्या पोम्पेया भागातल्या वसतिगृहाच्या शाळेत राहिला. शहर तिथं संपायचं: पुढे पाणथळ, पुराची जमीन, रेल्वेचे रूळ, आणि मग मोकळं माळरान. तो पुढे साहित्य शिकवू लागला, १९३० च्या लष्करी उठावानंतर रॅडिकल पक्षाच्या राजकारणापायी तुरुंगात गेला, नोकरीही गेली. मग त्यानं चित्रपट लिहिले, गाणी लिहिली.

१९४८ मध्ये आनिबाल त्रोइलोच्या चालीवर त्यानं ‘सुर’ लिहिलं. ‘सुर’ म्हणजे दक्षिण. सान हुआन आणि बोएदो या दोन रस्त्यांचा कोपरा, पोम्पेया, त्यापलीकडचा पूर. लोहाराचं दुकान, चिखल, एका मुलीची खिडकी. एवढंच सामान. तक्रार नाही, कुणावर ठपका नाही, आणि जायचं म्हटलं तर तो कोपरा ट्रॅममधून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. गाणारा कुठंही गेलेला नाही. तो त्याच शहरात राहतो. वस्तीच त्याला सोडून गेली आहे, आणि तिच्याबरोबर वीस वर्षांचं वय. देश हरवणं इथं पूर्णपणे काळाच्या हवाली झालं आहे. आता जहाजाचं तिकीट काढूनही उपयोग नाही.

याला ठोस कारणंही होती. १९३० च्या दशकात ब्युनोस आयर्स तोडून नव्यानं बांधलं जात होतं. कोरिएन्तेस हा टँगोचा मुख्य रस्ता रुंद करायला एका बाजूच्या इमारती पाडल्या, १९३६ मध्ये तिथंच ओबेलिस्क उभारला, आणि १९३७ मध्ये ‘९ दे हुलियो’ या अवाढव्य रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला, त्यासाठी ओळीनं घरं जमीनदोस्त करून. दक्षिणेकडे पाणथळ जागा भरल्या गेल्या, चिखलाचे रस्ते फरसबंद झाले, खेड्यापाड्यांतून कारखान्यांत कामाला आलेली नवी माणसं तिथं राहू लागली. गेल्या पिढीनं समुद्र ओलांडून गाव गमावलं. या पिढीचं गाव तिच्या डोळ्यांदेखत पाडलं गेलं. मान्सीच्या गाण्यांना या पाडकामाची धूळ लागलेली आहे.

मान्सी १९५१ च्या मे महिन्यात कॅन्सरनं गेला, ४३ वर्षांचा. त्रोइलोनं त्याच्यासाठी ‘रेस्पोन्सो’ ही वाद्यरचना बांधली, तिला शब्द नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिसेपोलोही गेला.

या सगळ्यात शब्दांवरही एक गदा येऊन गेली. जून १९४३ च्या लष्करी सत्तेनं रेडिओवर लुन्फार्दोला, म्हणजे इटालियन बोलींचे शब्द मिसळलेल्या बंदरवस्तीच्या बोलीला, आणि दारू-दुःखाच्या गाण्यांना मनाई केली. जुन्या गाण्यांना शुद्ध, इस्त्री केलेली भाषा चढवली गेली. कादिकामोचं ‘लोस मारेआदोस’, मद्यानं झिंगलेल्या दोघांच्या निरोपाचं गाणं, ‘एन मि पासादो’ या सभ्य नावानं वाजू लागलं. १९४९ मध्ये गीतकार आणि संगीतकारांचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांना भेटलं तेव्हा हा फास सैल झाला. गंमत म्हणजे ले पेरानं हेच काम दहा वर्षं आधी आपखुशीनं केलं होतं. त्याचे चित्रपट मेक्सिकोपासून माद्रिदपर्यंत चालायला हवे होते, म्हणून त्यानं लुन्फार्दो वगळून सर्वांना कळेल अशी स्पॅनिश वापरली. त्याच्या गाण्यांतलं शहर थोडं धूसर, कुठल्याही शहरासारखं आहे, आणि म्हणूनच ती गाणी कुठल्याही देशात रुजली. अल पचिनो ज्यावर नाचतो ती ‘सेंट ऑफ अ वुमन’ चित्रपटातली धून त्यातलीच: ‘पोर उना काबेसा’. शब्दांशिवाय ती डौलदार, खट्याळ वाटते. शब्द आहेत एका जुगाऱ्याचे, ज्याचा घोडा डोक्याएवढ्या अंतरानं हरतो आणि ज्याचं प्रेमही तसंच निसटतं. पुढे चाल हसऱ्या स्वरांतून एकदम कोमल स्वरांत उतरते.

ही गाणी करून गार्देल आणि ले पेरा परत पोचलेच नाहीत. गार्देलनं नोव्हेंबर १९३३ मध्ये ब्युनोस आयर्स सोडलं होतं. २४ जून १९३५ रोजी कोलंबियातल्या मेदेयिनच्या विमानतळावर दोन विमानांची टक्कर झाली. दोघंही जळून गेले, आणि पॅरिसात नांगर पडलेल्या माणसाला चाल देणारा बार्बिएरीसुद्धा. गार्देलचा देह डोंगर ओलांडून बंदरात, तिथून जहाजानं न्यूयॉर्कमार्गे, फेब्रुवारी १९३६ मध्ये घरी आला. ‘एल दिया के मे कियेरास’मध्ये पेपर विकणाऱ्या पोराचं छोटं काम करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलाला गार्देल त्या दौऱ्यावर बरोबर नेणार होता. वडिलांनी वय लहान म्हणून नाही म्हटलं. तो मुलगा म्हणजे आस्तोर पियाझोला. मार देल प्लाता इथं जन्मलेला, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वाढलेला, टँगो वडिलांच्या तबकड्यांवरून कानी पडलेला.

आणि मग ज्याला खरोखर हद्दपारी म्हणतात ती आली. १९५५ मध्ये पेरॉन यांना लष्करानं हटवलं तेव्हा पेरॉनवादी कलाकारांची कामं बंद झाली. मान्सीची प्रेयसी, गायिका नेली ओमार, आधी मोन्तेविदेओला आणि मग व्हेनेझुएलाला गेली. कातुलो कास्तिजोची पदं गेली. पुढच्याच वर्षी त्यानं त्रोइलोबरोबर ‘ला उल्तिमा कुर्दा’, शेवटची झिंग, लिहिलं आणि त्यात बांदोनेऑनलाच समोर बसवून आयुष्याचा हिशेब मांडला. १९७६ ते १९८३ च्या हुकूमशाहीत हजारो माणसं गायब केली गेली आणि त्याहून कितीतरी जास्त देश सोडून गेली. पॅरिसमध्ये गायक हुआन सेद्रोन आपला चौकडीचा संच घेऊन आधीपासूनच राहत होता; अर्जेंटिनी लेखक हुलियो कोर्तासारच्या कवितांना चाली लावल्या जात होत्या; १९८१ मध्ये तिथं ‘त्रोत्वार दे ब्युनोस आयर्स’ हे टँगोघर उघडलं. कादिकामोच्या पॅरिसात अडकलेल्या माणसाकडे तिकिटाचे पैसे नव्हते. आता अडकलेल्यांकडे तिकीट असतं तरी त्यांना मायदेशी विमानतळावरच उचललं गेलं असतं. पन्नास वर्षांपूर्वीचे तेच शब्द त्यांनी गायले, आणि त्यात त्यांना काही बदलावं लागलं नाही.

फर्नान्दो सोलानास हा दिग्दर्शक त्यांतलाच एक. १९८५ मध्ये त्यानं ‘टँगोस, एल एक्सिलिओ दे गार्देल’ बनवला, पियाझोलाच्या संगीतासह. पॅरिसमधले निर्वासित एक नाट्यप्रयोग बसवत आहेत. त्याचा लेखक मात्र मायदेशीच राहिला आहे आणि चिटोऱ्यांवर लिहून एकेक तुकडा पाठवतो आहे. प्रयोगाला शेवट सापडत नाही. सार्वजनिक फोनच्या यंत्राला फसवून फुकट घरी बोलण्यासाठी ही माणसं धडपडतात. चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. तीन वर्षांनी त्यानं पुढचा चित्रपट केला आणि नाव ठेवलं ‘सुर’. हुकूमशाही संपत आली आहे, पाच वर्षांनी तुरुंगातून सुटलेला फ्लोरेआल रात्री आपल्या वस्तीत येतो. घर समोर आहे. मधल्या काळात बायकोचं दुसऱ्याशी नातं जुळलं होतं. तो दार वाजवत नाही, रात्रभर रस्त्यांवर फिरतो. मेलेले मित्र भेटतात, आणि रोबेर्तो गोजेनेचे, तेव्हा साठी ओलांडलेला, घोगऱ्या आवाजात टँगो गातो. कान महोत्सवात सोलानासला यासाठी सर्वोत्तम दिग्दर्शकाचा मान मिळाला.

‘सुर’ ऐकायचं असेल तर १९४८ ची पहिली मुद्रिका शोधा: त्रोइलोचा वाद्यवृंद, एद्मुन्दो रिवेरोचा खोल, जड आवाज. मग गोजेनेचेचं ऐका. तो तोवर गाणं कमी आणि बोलणं जास्त करत होता, शब्द तालाच्या मागे टाकत, मधेच थांबत. त्यानंतर नेली ओमारचं ऐका. मान्सी गेल्यावर ती साठहून अधिक वर्षं जगली, परत आली, आणि शंभरी गाठल्यावरही ब्युनोस आयर्समध्ये रंगमंचावर उभी राहून गायली.